पुंगळी कुठे अडकली, ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या महिन्याचा विषय: पॉइंट टू-टू (.२२) पिस्तुलाचं अडकणं

पाऊस उघडला, कपाटातली पिस्तुलं बाहेर निघाली, की किनारपट्टीवरच्या नेमबाजांची पत्रं येऊ लागतात. नव्वद टक्के मजकूर एकच: "पिस्तूल अडकतंय, काय करू?" नुसत्या 'अडकतंय'वरून काही सांगता येत नाही. बोल्ट, म्हणजे नळीच्या मागे सरकणारा पोलादी ठोकळा, कुठे थांबला? मधे सापडलं ते भरलेलं काडतूस होतं की रिकामी पुंगळी? काडतूस असेल तर त्याचं नाक वर होतं की खाली? बहुतेक जण घाईघाईने बोल्ट ओढून सगळं झटकून टाकतात आणि पुरावा जमिनीवर पडतो. नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, आणि दोन सेकंद नीट बघणं, एवढं आधी करा. ज्यांनी हे लिहून कळवलं, त्यांचीच पत्रं इथे घेतली आहेत.

"मॅच पिस्तूल आहे, मॅगझिन चापाच्या पुढे. पहिल्या ६०-७० फैरी झकास जातात. मग पुंगळी उडायच्या ऐवजी बोल्ट आणि नळीच्या मधे चिमटून उभी राहते. एक्स्ट्रॅक्टर नवा बसवून घेतला, फरक शून्य."
— एक नेमबाज, चिपळूण

फरक पडणार नव्हताच. टू-टूच्या बहुतेक सेमी-ऑटो पिस्तुलांत बोल्टला कुलूप नसतं. काडतूस फुटलं की वायूचा दाब पुंगळीच्या बुडावर येतो आणि पुंगळीच बोल्टला मागे रेटते. तिला आवरायला असतात फक्त बोल्टचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग. झाडलेली पुंगळी चेंबरबाहेर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून, येते ती दाबाने. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टच्या तोंडावरचं नख, तिला इजेक्टरवर (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या खुंटीवर) आपटेपर्यंत धरून ठेवतो, इतकंच. त्याचा खरा कस लागतो न झाडलेलं काडतूस हाताने बोल्ट ओढून काढताना. ते दर वेळी निघत असेल, तर जुना एक्स्ट्रॅक्टरही बहुधा ठीकच होता. जपून ठेवा, सुटा भाग म्हणून कामाला येईल.

उभी चिमटलेली पुंगळी चेंबरमधून निघालेली असते. पण बोल्ट मागे पुरेसा गेला नाही किंवा रेंगाळत गेला, इजेक्टरचा फटका हलका बसला आणि परतणाऱ्या बोल्टने तिला वाटेत गाठलं. पहिल्या ६०-७० फैरी नीट जातात, म्हणजे स्प्रिंग, इजेक्टर आणि काडतूस यांची जोडी मुळात जमलेली आहे. नंतर वाढतं ते घर्षण. टू-टूच्या उघड्या शिशाच्या गोळीला बाहेरून मेणाचं वंगण लावलेलं असतं. ते मेण, शिशाचा कीस आणि अर्धवट जळलेली दारू यांचा काळा चिकट लगदा होतो. तो साठतो चेंबरच्या तोंडाशी, बोल्टच्या तोंडावर एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली, आणि बोल्ट ज्या रुळांवर सरकतो तिथे. त्यात पावसाळ्याआधी गंज धरू नये म्हणून सढळ हाताने ओतलेलं तेल असेल, तर लगदा आणखी घट्ट.

साफ करायचं ते असं. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीच्या टोकाने चाचपा. उजेड कमी असेल तर दोनदा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलंय तेवढंच पिस्तूल उघडा. चेंबरमध्ये सॉल्व्हंट लावलेला टू-टूचा कांस्य ब्रश आठ-दहा वेळा फिरवा, पाच मिनिटं थांबा, कोऱ्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत पुसा. चेंबर शेवटी कोरडं ठणठणीत हवं. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवरचा मार वाढतो. नळी मात्र दर आठवड्याला खरवडू नका. तोंडाकडून गाइडशिवाय सळई घातली की नळीचं तोंड झिजतं आणि लक्ष्यावरचा गोळ्यांचा घोळका फाटतो. पुल-थ्रू दोरी चेंबरकडून ओढली तर हा धोका नाही.

नखाखालच्या लगद्याला सुई किंवा पिन लावू नका. आपल्याकडे घरोघरी मिळणारा नारळाच्या झावळीचा हीर घ्या, टोक तिरपं कापा आणि नखाच्या खोबणीतून आडवा फिरवा. काळी, मेणचट चकती अख्खीच्या अख्खी निघून येते. पोलादाला ओरखडा नाही. रुळांवर दोन्ही बाजूंना पातळ तेलाचा एकेक थेंब. बोटाने पसरवल्यावर चकाकी दिसावी, ओघळ दिसता कामा नये.

आता चाचणी. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडा. शेवटच्या फैरीनंतर बोल्ट मागे थांबण्याची सोय पिस्तुलात असेल, तर तो थांबलाच पाहिजे. असं पाच-सहा वेळा करा. एकदाही तो पुढे निसटला, तर स्वच्छ करूनही बोल्ट पुरेसा मागे जात नाही. तसं झालं तर पिस्तुलाचा नव्हे, फक्त काडतुसाचा ब्रँड बदलून तीच चाचणी पुन्हा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

काडतुसांबद्दल इथेच सांगतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी साधारण ३२०-३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, हाय व्हेलॉसिटीची ३७०-३८०च्या आसपास. मॅच पिस्तुलाची स्प्रिंग पहिल्या जातीसाठी बेतलेली असते. "जोरदार काडतूस घातलं की अडकत नाही" हा रेंजवरचा लाडका सल्ला आहे. अडकणं काही दिवस थांबतंही, पण बोल्ट मागे आपटून आपटून त्याचा धक्का झेलणारा रबरी बफर फुटतो आणि मग फ्रेमवर मार बसतो. रिकॉइल स्प्रिंगचे वेढे कापणं हा त्याच सल्ल्याचा धाकटा भाऊ. बफर असलेल्या पिस्तुलात तो साफसफाईच्या वेळी काढून बघा. चिरा, फुगवटा किंवा चिकटपणा दिसला तर बदला. कडक सॉल्व्हंटने रबर फुगतं, त्यामुळे तिथे सॉल्व्हंट नको.

"रिकामी पुंगळी छान उडते. पण पुढचं काडतूस चढताना नाक चेंबरच्या वरच्या कडेला टेकून अडकतं. कधी दुसरं, कधी चौथं. माझ्याकडे दोन मॅगझिन आहेत, त्यांतल्या एकातच जास्त होतं असं वाटतं."
— कुडाळहून

'वाटतं' नको, खूण करा. मॅगझिनच्या बुडावर रंगाने १ आणि २ घाला, प्रत्येकातून निदान १० वेळा पाच-पाच काडतुसं झाडा आणि अडकलेली फैर कितवी ते लिहून ठेवा. एकाच मॅगझिनची नावनिशी निघाली, तर पिस्तुलाला हात लावायचं कारण उरत नाही.

नाक वर जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मॅगझिनचे ओठ फाकलेले असणं. काडतूस लवकर सुटतं आणि वर उसळतं. दोन्ही मॅगझिनमध्ये डमी (दारू नसलेलं) काडतूस भरून शेजारी धरा. कोणाचं नाक किती वर आहे आणि ओठांमधली फट किती आहे, ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. व्हर्नियर असेल तर फट मोजा. मॅगझिन ओठांवर पडलं की हे होतं, आणि फरशीवर पडलेलं मॅगझिन पुसून परत वापरण्याची सवय सगळ्यांनाच असते. पक्कडीने ओठ दाबून सरळ करण्याचा मोह होईल. एकदा जास्त दाबले गेले की काडतूस निघेनासंच होतं. पातळ पत्र्याचे ओठ दोन-तीनदा वाकवले की तडकतात, म्हणून नवीन मॅगझिन हाच स्वस्त उपाय.

नाक खाली जाऊन समोरच्या भिंतीवर आपटत असेल, तर शंका मॅगझिनच्या स्प्रिंगवर किंवा काडतूस उचलणाऱ्या फॉलोअरवर घ्या. फॉलोअर बोटाने पूर्ण खाली दाबून हळूहळू सोडा. मधेच अडखळला किंवा तिरका झाला, तर आत लगदा आहे. मॅगझिन खोला, आतून कोऱ्या फडक्याने पुसा आणि तेलाविना परत जोडा. जांभ्याची लाल माती इतकी बारीक असते की तेलकट मॅगझिनमध्ये तिची लापशी होते. उघड्या रेंजवर मॅगझिन जमिनीवर ठेवू नका, टेबलावर फडकं पसरून त्यावर ठेवा.

आणखी एक कारण भरण्याच्या पद्धतीत आहे. टू-टूच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. मागे राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट वरचं काडतूस ढकलू शकत नाही. भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच ठोका आणि शिडी नीट लागली आहे का ते बाजूच्या फटीतून बघा. अडकलेल्या गोळीचं नाक चेपलं असेल तर ती परत भरू नका. मऊ शिसं एकदा सोललं की ती सरळ जायची नाही.

"दहा काडतुसांत एखादं फुटतच नाही. कडेवर पिनची खूण असते. काडतूस खराब की पिस्तूल?"
— अलिबागहून

चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस दुर्मीळ असतं, पण असतं. "फुस्स" असा दबका आवाज आला तर पुढची फैर झाडायचीच नाही. पिस्तूल रिकामं करा आणि नळीत गोळी अडकली नाही ना, ते प्रशिक्षकाला दाखवा.

आता निदान. टू-टूत पेटवणारं मिश्रण बुडाच्या मधोमध नसतं, कडेच्या पोकळीत पसरवलेलं असतं. ही कड जेमतेम १.१ मिलिमीटर जाड. फायरिंग पिनने, म्हणजे काडतुसावर ठोका मारणाऱ्या खिळ्याने, ती चेंबरच्या काठावर दाबून चेपायची असते. रेंज अधिकाऱ्याची परवानगी असेल तर न फुटलेलं काडतूस त्याच स्थितीत परत झाडून बघा. दुसऱ्या ठोक्याला त्याच जागी फुटलं, तर पहिल्या वेळी ते पुरतं आत बसलेलं नव्हतं. पिनची ताकद काडतूस पुढे ढकलण्यात गेली. म्हणजे चेंबरच्या तोंडाशी मेण-शिशाचं कडं आहे किंवा बोल्ट शेवटचा अर्धा मिलिमीटर मिटत नाही. तसं फुटलं नाही, पण अर्धं वळवून घातल्यावर फुटलं, तर त्या जागी मिश्रणच नव्हतं. दोष काडतुसाचा. त्या खोक्याचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि तो लॉट सरावापुरता ठेवा.

खुणा सगळ्याच उथळ असतील, तर पिनची वाट तेलाने भरलेली असते, पिनचं टोक झिजलेलं असतं किंवा पिनवर ठोका मारणाऱ्या हॅमरची स्प्रिंग थकलेली असते. कोणी चाप हलका करण्यासाठी हॅमर स्प्रिंग मऊ टाकली असेल, तर तिथेच थांबा आणि मूळ स्प्रिंग परत बसवा. २५ मीटरच्या टू-टू स्पर्धाप्रकारांत चापाचं वजन किमान १००० ग्रॅम लागतंच. त्याखाली जाऊन मिळवायचं काही नाही, गमवायचं बरंच आहे.

जुनं, हाताबदल झालेलं रॅपिड फायर पिस्तूल असेल, तर नळीवर 'शॉर्ट' कोरलंय का तेही बघा. २००४पर्यंत त्या प्रकारात टू-टू शॉर्ट काडतूस चालायचं आणि ती पिस्तुलं अजून कुठे कुठे आहेत. त्यात लाँग रायफल, म्हणजे आजचं नेहमीचं लांब टू-टू काडतूस, घालायचं नाही.

"घरी खोबरेल तेल आहे, शिलाई मशीनचंही आहे. चालेल का?"
— देवगडहून

खोबरेल नाही. सुमारे २४ अंशांखाली ते थिजतं. देवगडला मे महिन्यात कळणार नाही, पण डिसेंबरात सकाळच्या पाळीला पुण्याच्या बालेवाडी रेंजवर उभे राहिलात, की बोल्ट तुपात बुडवल्यासारखा चालेल. शिवाय ते खवट होऊन चिकटतं. शिलाई मशीनचं तेल रुळांवर एक-दोन दिवस चालवून घ्या. गंजापासून ते फारसं वाचवत नाही, इतकंच. बंदुकीच्या तेलाची छोटी बाटली वर्षभर पुरते.

"एकदा चाप ओढला आणि दोन गोळ्या सुटल्या. पुन्हा झालं नाही. चिंता करावी का?"
— मालवणहून

हो. ते पिस्तूल त्या क्षणापासून बंद. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, पेटीत ठेवा. सीअर (चाप ओढेपर्यंत हॅमर अडवणारा भाग) किंवा डिसकनेक्टर (एका ओढीत एकच गोळी सोडू देणारा भाग) झिजला आहे, त्यात घाण अडकली आहे, किंवा चापाच्या स्क्रूंशी कोणीतरी खेळलंय. यांतलं काय ते घरी ठरवायचं नाही. 'एक-एक काडतूस भरून बघतो' हेही नको. शस्त्र कायद्याखाली अग्निशस्त्राची दुरुस्ती परवाना असलेल्या गनस्मिथनेच करायची असते. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नेऊ नका. गनस्मिथकडे जाताना मूळ परवाना जवळ ठेवा.

"मुलगी २५ मीटर पिस्तूल खेळते. मागच्या स्पर्धेत रॅपिडच्या सिरीजमध्ये पिस्तूल अडकलं. तिने पटकन बोल्ट ओढून मोकळं केलं, तरी ती सिरीज वाया गेली. तिचं काय चुकलं?"
— पालक, रत्नागिरी

बोल्टला हात लावला, हेच. रॅपिडच्या सिरीजमध्ये ३ सेकंद लक्ष्य, ७ सेकंद विश्रांती असे पाच शॉट असतात. त्या तालात हात आपोआप बोल्टकडे जातो. नियम असा की पिस्तूल अडकलं तर ते लक्ष्याच्या दिशेनेच धरायचं, मूठ सोडायची नाही, मोकळा हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवायचं. त्याने बघण्याआधी बोल्ट, यंत्रणा किंवा सेफ्टीला हात लागला, की बिघाड खरा असूनही 'मान्य न होणारा' ठरतो. सेफ्टी काढायची राहिली, काडतुसं कमी भरली, मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, चाप पुरता परत सोडला नाही, हेही मान्य होत नाही. काडतूस फुटलं नाही, पुंगळी अडकली, भाग तुटला, हे मान्य होतं.

सरावात हे घोटून घ्या. प्रशिक्षकाने तिच्या नकळत पाचांत एक डमी काडतूस मिसळावं. चाप ओढूनही आवाज आला नाही की हात बोल्टकडे जातो की वर, ते बघावं. दहा-बारा वेळा झालं की हात वर जायला लागतो. याच सरावात, डमीवर चाप ओढताना नळी खाली झुकते का, तेही दिसतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र पिस्तूल नव्याने धुवून-पुसून ठेवू नका. साफ केल्यावर नळीत पुन्हा मेण बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भरकटतात. साफसफाई दोन-तीन दिवस आधी, आणि त्यानंतर २५-३० फैरींचा सराव.

"गुहागरहून दापोलीला दाभोळच्या फेरीने जातो. पेटीवर समुद्राचं पाणी उडालं, थोडं आत गेलं. लगेच तेल लावलं, तरी आठवड्यात तांबूस ठिपके आले."
— गुहागरहून

मीठ तेलात विरघळत नाही. तेलाने तुम्ही मीठ पोलादावर झाकून ठेवलंत. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सगळे पोलादी भाग दोन-तीनदा पुसायचे, मग कोरडं फडकं, मग पाणी हटवणारा स्प्रे. डब्ल्यूडी-४० नेमका याच कामाचा. तो अर्ध्या तासाने पुसून काढा आणि वर बंदुकीचं तेल लावा. स्प्रेलाच वंगण समजून ठेवलं तर त्याचा चिकट थर होतो आणि पहिल्या पत्रातलं दुखणं सुरू होतं. आलेले ठिपके तेल लावलेल्या मऊ कापडाने चोळा. सॅंडपेपर नको, निळसर लेप जातो आणि गंजाला मोकळं रान मिळतं. आतले भाग, विशेषतः स्प्रिंगा आणि पिन, गनस्मिथकडून एकदा उघडून घ्या.

पेटीतला फोम ओला झाला असेल तर टाकून द्या. उन्हात वाळला तरी मीठ त्यातच राहतं आणि आषाढात परत ओल धरतं. पावसाळाभर पिस्तूल फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात नको. तेलाचा हात फिरवून, सुती कापडात सैल गुंडाळून, कुलूपबंद पोलादी कपाटात ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओल भरली, मंद आचेवर परत वाळवता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. डब्यात तांदूळ टाकण्याची युक्ती विसरा. तांदूळ ओल कमी आणि पीठ जास्त देतो. लाकडी मूठ काढून वेगळी ठेवा, तिच्यावर बुरशी धरली तर तिच्याखालचं पोलाद आधी गंजतं.

काडतुसं वेगळ्या कुलपात, झाकणाला रबर असलेल्या डब्यात. टू-टूची पुंगळी आणि गोळी यांचा सांधा हवाबंद नसतो, आणि तेल पाण्यापेक्षा सहज आत शिरतं. तेलकट बोटांनी काडतुसं हाताळू नका. मे महिन्यात बंद गाडीत खोका राहिला तर मेण वितळून एका बाजूला ओघळतं. ती काडतुसं फुटतात, पण चढताना नखरे करतात. पितळेवर हिरवट थर दिसला तर ते काडतूस बाजूला काढा. घासून चकचकीत करून परत वापरू नका.

"रिकाम्या पिस्तुलाने घरी सराव केला तर चालतो का?"
— सावंतवाडीहून

मॅन्युअलमध्ये ड्राय फायरची परवानगी असेल तर. नसेल तर पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथे खळगा पडतो आणि त्याचा उचललेला काठ चेंबरमध्ये येतो. मग काडतूस चढताना अडकतं आणि दोष मॅगझिनला दिला जातो. चेंबरच्या काठावर पिनच्या जागी चकाकती खूण दिसते का ते भिंगाने बघा. प्लास्टिकची स्नॅप कॅप, म्हणजे पिनचा ठोका झेलणारं नकली काडतूस मिळतं, ते वापरा. नाहीतर भिंतीत स्क्रूसाठी बसवतात ती कड असलेली मऊ प्लास्टिकची गिट्टी, हाताने सहज आत जाईल अशा मापाची. दहा-पंधरा ठोक्यांनंतर ती थोडी फिरवा, कड चेपली की फेकून नवी घ्या. सरावाच्या खोलीत खरं काडतूस एकही नको.